आप्पांची क प्रत

जुन्नरात सकाळी सहाच्या सुमाराला कुणाला "काय सुरेख हवा पडलीय!" असं म्हणावंसं वाटलं, तर त्याने आधी मागे वळून बघावं. मागे आप्पा असतील तर प्रश्न ठरलेला.

"कशावरून?"

हा प्रश्न ते भांडण काढायला विचारत नाहीत. त्यांना खरोखर माहिती हवी असते. आप्पा म्हणजे भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या बांधांवर उभं राहून लोकांची भांडणं ऐकण्यात त्यांचा जन्म गेला. एक भाऊ म्हणायचा, आंबा माझा. दुसरा म्हणायचा, आंबा तुझा तर सावली माझ्या रानात कशाला पाडतोस? तिसरा आजोबांची शपथ घालायचा. आप्पा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, चहा प्यायचे आणि मग साखळी पसरायचे. मोजणी झाली, खुणा दाखवल्या, लगतच्या कब्जेदारांच्या सह्या झाल्या की जो नकाशा हातात पडतो त्याला क प्रत म्हणतात. आप्पांच्या मते माणसाच्या तोंडून निघालेलं कोणतंही वाक्य एक तर क प्रत असतं, नाहीतर बांधावरचं भांडण. तिसरा प्रकार त्यांनी खात्यात असताना पाहिला नाही आणि घरात तर नाहीच नाही.

असा माणूस दिवाळी अंकाचा संपादक होऊ नये. पण झाला.

आमची सकाळी फिरणाऱ्यांची एक मंडळी आहे. फिरणाऱ्यांची म्हणजे शिवनेरीच्या पहिल्या दरवाजापर्यंत जायचं ठरवून निघणाऱ्यांची आणि बहुतेक दिवशी बागेतल्या बाकावर पोचणाऱ्यांची. दरवर्षी आम्ही एक छोटा दिवाळी अंक काढतो. आधीचे संपादक मुलाकडे पुण्याला राहायला गेले, तेव्हा "आप्पांचा हिशेब चोख असतो" एवढ्या एका कारणावरून अंक त्यांच्या गळ्यात पडला. त्या वर्षीचा विषय आधीच ठरला होता: शहरातली हिरवळ आणि आपलं आरोग्य. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून मला सहसंपादक केलं. या शब्दातला 'सह' सहन करण्यातला आहे, हे मला पुढे कळलं.

पहिल्या बैठकीत आप्पांनी वहीच्या पानावर नियम लिहून आणले होते. आम्हाला वाटलं, ऱ्हस्व-दीर्घाचे असतील. पण पहिलंच वाक्य होतं, "मापाशिवाय विशेषण देऊ नये." त्याखाली, "स्वतः न पाहिलेल्या गोष्टीला 'दिसते' म्हणू नये." मग, "ज्याच्याकडून ऐकलं त्याला छापण्याआधी वाचून दाखवावं." आणि सगळ्यांत खाली, शाईने दोनदा गिरवलेलं, "ज्याची रोपवाटिका, त्याचा झाडांवरचा लेख जाहिरातीच्या दराने घेण्यात येईल."

हे शेवटचं कुणासाठी होतं ते सगळ्यांना माहीत होतं. ते गृहस्थ बैठकीतच बसले होते. घराभोवती कोणती पंधरा झाडं लावल्याने कोणते पंधरा आजार जातात, असा लेख त्यांनी लिहून तयार ठेवला होता. पंधराच्या पंधरा झाडं त्यांच्याकडे मिळत होती. त्यांनी खूप समजावलं की माझा यात काही स्वार्थ नाही. आप्पा म्हणाले, "मीही तसं म्हणत नाही. पण ज्याची जमीन मोजायची त्याने साखळी धरायची नसते." लेख अर्ध्या पानाची जाहिरात होऊन छापला गेला. त्यातून चौदा आजार गाळले. पंधरावा होता 'उदासी'. रोप लावल्यावर बरं वाटतं की नाही हे गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाने बघावं, म्हणून तो राहिला.

पहिला लेख माझा होता. मथळा, 'वृक्ष: निसर्गाचे धन्वंतरी'. आप्पांनी मथळ्यावरच पेन टेकवलं.

"धन्वंतरी? दवाखाना कुठे आहे यांचा?"

मी हसलो. ते हसले नाहीत. आत मी लिहिलं होतं की अमेरिकेतल्या एका इस्पितळात खिडकीतून नुसती झाडं दिसल्याने रोगी बरे झाले, असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे.

"कुठल्या शास्त्रज्ञांनी?"

"रॉजर उलरिच म्हणून आहेत एक."

"एक आहेत ना? मग 'शास्त्रज्ञांनी' कशाला? साल?"

"१९८४. 'सायन्स' नावाच्या नियतकालिकात आलंय."

"रोगी किती होते?"

ते मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर, ते माहीत असावं लागतं हेच मला माहीत नव्हतं. आठवड्याने शोधून आणलं. पेनसिल्वेनियातलं एक इस्पितळ, १९७२ ते १९८१ या काळातल्या तिथल्या नोंदी, ४६ रोगी, सगळे पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले. निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडं, निम्म्यांच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडं दिसणारे साधारण पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली.

झुडपात हद्दीचा जुना दगड सापडावा तसा आप्पांचा चेहरा झाला.

"पाऊण दिवस! मास्तर, अहो एवढा चांगला दगड हाताशी असताना तुम्ही धन्वंतरी काय लिहीत बसलात?"

"पण आप्पा, पाऊण दिवस म्हणजे वाचणाऱ्याला अगदीच कमी वाटेल."

"इस्पितळाचं बिल भरलंय कधी?"

मी गप्प बसलो. मथळा बदलला. 'पाऊण दिवस आधी' असा झाला आणि त्याखाली कंसात, आप्पांच्या आग्रहावरून, 'पित्ताशयापुरतं'.

मग आले मंचरचे एक निवृत्त इंजिनिअर. त्यांचा लेख आकड्यांनी भरलेला होता, त्यामुळे तो पास होणार असं त्यांना वाटत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शहरात माणशी ९ चौरस मीटर हिरवळ हवी, हे त्यांचं मुख्य वाक्य. आप्पा म्हणाले, मूळ कागद दाखवा. इंजिनिअरसाहेबांनी वर्तमानपत्रांची कात्रणं आणली. प्रत्येक कात्रणात तोच आकडा, आणि प्रत्येकाने तो दुसऱ्या कुणाकडून तरी घेतलेला. आप्पांनी कात्रणं एकाखाली एक लावली आणि चष्मा काढून ठेवला. "साहेब, याला काय म्हणतात ठाऊक आहे? सातबाऱ्यावर नाव आहे, पण फेरफारच नाही. नाव चढवलं कुणी आणि कशाच्या आधारावर?" मीही शोधलं. हा आकडा सगळीकडे सापडला, फक्त तो जिथून निघाला म्हणतात तो कागद काही माझ्या हाती लागला नाही.

तरी आप्पांनी हिशेब करून बघितलाच. समोर आकडा असला आणि तो गुणला नाही तर त्यांना रात्री झोप लागत नाही. जुन्नर शहराची वस्ती २५ हजार धरली तर माणशी ९ प्रमाणे सव्वादोन लाख चौरस मीटर, म्हणजे साडेपंचावन्न एकर. "आणि गावात एक एकराची बाग आहे असं धरा. माणशी किती येते?" इंजिनिअरसाहेब मोबाइल काढेपर्यंत उत्तर आलं. "०.१६. म्हणजे सव्वा फूट लांब, सव्वा फूट रुंद. पाट झाला, पाट! आपल्या वाट्याला जेवायला बसण्यापुरती हिरवळ येते."

"मग शिवनेरी धरा की," कुणीतरी म्हणालं. त्या दिवशी फिरणं राहिलंच. डोंगर हिरवळीत धरायचा की नाही यावर तासभर वाद झाला. एक म्हणाला, सात दरवाजे चढून गेलं की मोकळी हवाच हवा. दुसरा म्हणाला, पण एवढं चढून जाणाऱ्याची तब्येत आधीपासूनच चांगली असते, ती डोंगराने कुठे केली? या दुसऱ्या गृहस्थांकडे आप्पांनी फार आदराने पाहिलं. पुढच्या वर्षी त्यांना संपादक मंडळात घेतलं.

ज्याला कागदाचा आधार होता असं माप शेवटी एक मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाची २०१७ सालची एक पुस्तिका आहे. घरापासून सरळ रेषेत ३०० मीटरच्या आत अर्धा ते एक हेक्टरची सार्वजनिक हिरवळ असावी, असा ढोबळ अंदाज तिच्यात दिला आहे. 'सरळ रेषेत' हे शब्द ऐकल्यावर आप्पा जागेवरून उठलेच. दुसऱ्या दिवशी पहाटे ते माझ्या दारात. हातात ३० मीटरचा टेप.

टेपचं दुसरं टोक धरण्याचा मान माझा. जुन्नरच्या जुन्या गल्ल्यांत सरळ रेष काढून पाहावी एकदा. आमच्या रेषेत आधी एका वाड्याची मागची भिंत आली, मग कुणाचं तरी न्हाणीघर. आतून आवाज आला, "कोण आहे तिकडं?" आप्पा म्हणाले, "मोजणी!" या एका शब्दात काय जरब आहे बघा, आतला आवाज लगेच म्हणाला, "आमच्याकडं सगळे कागद आहेत." पुढे गोठा, गटार, सायकल दुरुस्तीचं दुकान. आप्पांनी टेप गुंडाळला.

"मास्तर, या रेषेने माणूस बागेत पोचत नाही. मांजर पोचेल."

मग ते गल्लीतून, वळणा-वळणाने, पावलं मोजत गेले. वाटेत एका उघड्या गटारावरच्या फरशीशी थांबून म्हणाले, "माझी आई असती तर इथूनच परत फिरली असती. तिच्यासाठी बाग इथेच संपली." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते लेखात घातलं. त्यांनी ते कापलं. म्हणाले, "आई जाऊन वीस वर्षं झाली. तिचा जबाब घेता येत नाही."

सगळ्यांत मोठं संकट आलं ते पिंपळाचं. पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो, हे वाक्य आमच्याकडे सात लेखकांनी स्वतंत्रपणे लिहून पाठवलं होतं. आप्पांनी सातही ठिकाणी तांबडी रेघ मारली. पानांतून ऑक्सिजन बाहेर पडायला ऊन लागतं आणि रात्री ऊन नसतं, एवढं सोपं त्यांचं म्हणणं. काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात, पण त्याच्यावरचं काम दिवसाच होतं, हे मी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारून त्यांना सांगितलं होतं. गावात बातमी पसरली की आप्पा पिंपळाच्या विरोधात आहेत. एक शिष्टमंडळ त्यांना भेटायला आलं. आले तेव्हा शनिवारची सकाळ होती आणि आप्पा पारावर पिंपळाला प्रदक्षिणा घालत होते. शिष्टमंडळाला अकरा प्रदक्षिणा होईपर्यंत थांबावं लागलं.

"आप्पा, तुम्ही पूजा करता आणि वर असं लिहिता?"

"पूजा माझी आहे. ऑक्सिजन त्याचा आहे. दोन गट नंबर वेगळे आहेत, एकत्र करायचे नाहीत."

आप्पांचं म्हणणं असं की नावावरून काही ठरत नाही. हल्ली प्रत्येक बागेला 'ऑक्सिजन पार्क' म्हणायची पद्धत पडली आहे. आमच्याकडे मासवडी करतात, तिच्यात मासा नसतो. आमच्या गावाला लागून हापूसबाग आहे. बाहेरचा माणूस आंबे घ्यायला पिशवी घेऊन निघतो, आणि इथले जाणते सांगतात की ते नाव हबशीबागेवरून आलंय, तर दुसरे म्हणतात हाफिजबागेवरून. आंब्याचं नाव कुणीच घेत नाही.

हिरवं म्हणजे चांगलं, या आमच्या सगळ्यांच्या ठाम समजुतीला पहिला धक्का गाजरगवताने दिला. एका कवीने 'जिकडे पाहावे तिकडे हिरवे, तेथे आरोग्य नांदते बरवे' अशी सुरुवात केली होती. आप्पा त्याला एका मोकळ्या प्लॉटवर घेऊन गेले. कमरेएवढं हिरवंगार काँग्रेस गवत. देशात त्याची पहिली नोंद पुण्यात झाली असं सांगतात, १९५५ च्या सुमाराला, म्हणजे हा आपल्याच जिल्ह्याचा मान. कवी भावुक होऊन त्यात शिरला आणि दोन दिवस हात खाजवत बसला. कविता मागे घेतली. आप्पांचा शेरा, "लेखकाने प्रत्यक्ष पाहणी केली आहे."

दुसरा धक्का उसाच्या पट्ट्यातून आला. एक शेतकरी बांधाच्या जुन्या तक्रारीसाठी आप्पांकडे आला होता. समोर माझ्या लेखाचं प्रूफ पडलं होतं. त्याने सावकाश वाचलं. हिरवाई पाहिल्याने मनावरचा ताण हलका होतो, या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "आप्पा, हे ज्यांनी लिहिलंय त्यांना एकदा रात्रीच्या लायटीला आमच्या उसाला पाणी भरायला पाठवा. बॅटरी मी देतो."

आम्ही दोघं गप्प झालो. जुन्नरच्या बिबट्याबद्दल या भागात कुणाला सांगावं लागत नाही. धरणांचं पाणी आलं, ऊस आला, उसात बिबट्या आला. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जेव्हा हल्ले वाढले, तेव्हा पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याने त्रास कमी होण्याऐवजी वाढला, हे विद्या अत्रेय यांच्या संशोधनाने याच भागात दाखवलं. तेव्हा हिरवळ म्हणजे कुठली, कुणाची आणि कुठल्या वेळची? आप्पांनी त्या शेतकऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं चौकटीत छापलं. तो म्हणाला, माझ्या बोलण्यावर 'नरभक्षकाची दहशत' असा मथळा देऊ नका. आप्पा म्हणाले, "देणार नाही. शवविच्छेदनाचा अहवाल कुठे आहे माझ्याकडे?"

एकाच लेखावर त्यांनी फारसं पेन चालवलं नाही. तो अलेक्झांडर गिब्सनवर होता. हा स्कॉटिश डॉक्टर आधी दख्खन-खानदेशात लोकांना देवी टोचत फिरला, १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख झाला आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. याच गिब्सनने आपल्या जुन्नर तालुक्यात हिवऱ्याला औषधी वनस्पतींची बाग केली होती. तिच्यातून निघालेली औषधं सरकारी दवाखान्यांना जात. जंगल तोडल्याने झरे आटतात, असंही तो कंपनी सरकारला कळवत असे. आप्पांना हा माणूस खूप आवडला. "रोपं किती, औषध किती, कुठे पाठवलं, सगळं लिहून ठेवायचा. असा माणूस आपल्या खात्यात हवा होता." लेखाच्या शेवटी मात्र त्यांनी पेन्सिलीने विचारलंच होतं, "हिवऱ्याच्या बागेच्या चतुःसीमा?"

मग हिरड्याचा लेख आला. लिहिणारे गृहस्थ जुन्नरचे, कधीमधी भीमाशंकरला गाडीने जाऊन येणारे. 'आदिवासी बांधव सांगतात की रोज हिरडा खाल्ल्याने शंभर वर्षं आयुष्य लाभते.' आप्पांनी विचारलं, कुठल्या बांधवांनी सांगितलं? गृहस्थ म्हणाले, तसं सगळेच सांगतात. आप्पांनी पंचांग बघावं तसं एसटीचं वेळापत्रक बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, रविवार मोकळा ठेवा."

घोडेगाव, डिंभे, आणि तिथून धरणाच्या कडेकडेने आहुप्याकडे. या रस्त्यावर आप्पा बोलायचे थांबतात, हे मला माहीत नव्हतं. त्या खोऱ्यातच माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. बाहेर पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या चालकामुळे. नेहमी दिसणारं गाव दिसेना, म्हणून त्याने परत येऊन सांगितलं. बराच वेळ खिडकीबाहेर बघून आप्पा म्हणाले, "त्या दिवशी दुपारपर्यंत मला पाच जणांनी पाच आकडे सांगितले. एकही जण तिथे गेला नव्हता. त्या ड्रायव्हरने काय सांगितलं? गाव दिसत नाही. बस. त्याला जेवढं दिसलं नाही, तेवढंच." मग जरा वेळाने, "या बाजूच्या कितीतरी क प्रती माझ्या हातच्या आहेत. माळीणच्याही होत्या. कागद आहेत. दगड गेले."

आहुप्यात देवराईच्या अलीकडे एका घराच्या ओट्यावर एक आजी हिरडा वाळवत बसल्या होत्या. आप्पांनी चप्पल काढली, ओट्यावर टेकले आणि सगळा लेख त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. आजींनी शांतपणे ऐकलं.

"रोज खा म्हून लिवलंय?"

"हो."

"त्यानं खाल्लाय का कधी?"

"माहीत नाही."

"रोज खाल्ला तर त्याचा दिस परसाकडंच जाईल. शंभर वर्सं कशाला करतोय, तिथंच बसाया?"

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग आजींनी सांगितलं ते असं. हिरडा त्या औषधासाठी झोडत नाहीत, विकायला झोडतात. आत बी धरण्याआधीचं कोवळं फळ काढून वाळवलं की तो बाळहिरडा, त्याला भाव जास्त. झाडं आहेत तर हिरडा, हिरडा आहे तर हातात पैसा, पैसा आहे तर घोडेगावच्या दवाखान्यापर्यंत जाता येतं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, हिरड्याची झाडं उन्मळून पडली. "त्या वर्सी म्हाताऱ्याच्या बीपीच्या गोळ्या उधार आणल्या," आजी म्हणाल्या. "लिव हे. पर माझं नाव टाकू नगंस. यापारी भाव पाडंल."

परतीच्या एसटीत आप्पांनी वही गुडघ्यावर धरून सगळं उतरवून काढलं. धक्क्यांनी अक्षर वाकडं येत होतं. मधेच मान वर करून म्हणाले, "मास्तर, झाडाने आरोग्य मिळतं म्हणजे कसं मिळतं, ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी पायरी-पायरीने सांगितलं. बाकी सगळे आपण गच्चीवरूनच बोलतोय." जुन्नरच्या गृहस्थांचा लेख रद्द झाला. त्यांच्या जागी आजींचं म्हणणं आलं, नावाशिवाय. गृहस्थ अजून बोलत नाहीत.

मंचरच्या एका डॉक्टरांचा लेख सगळ्यांत चांगला होता. त्यात एकच वाक्य अडलं: रोज बागेत अर्धा तास चालल्याने मधुमेह नाहीसा होतो. आप्पांनी 'नाहीसा' ला गोल केला. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आप्पा, असं लिहिल्याशिवाय लोक चालत नाहीत हो." आप्पा म्हणाले, "मोजणीला प्रत्येक जण मला हेच सांगायचा. एक फूट वाढवून लिहा, कोर्टात उपयोगी पडेल." 'आटोक्यात राहायला मदत होते' यावर तडजोड झाली. डॉक्टरांनी फोन ठेवताना विचारलं, "तुमची स्वतःची साखर किती आहे सध्या?" आप्पांनी फोन ठेवला.

अंक ९६ पानांचा ठरला होता, ४० पानांचा निघाला. 'सर्व रोगांवर एकच चूर्ण' ही शेवटच्या पानाची जाहिरात परत केल्यामुळे पैशाला खिंडार पडलं. ते कुठून भरलं, हे मी आप्पांना विचारलं. "कशावरून भरलं म्हणता?" एवढंच ते म्हणाले. मधल्या जोडपानावर मात्र आप्पांनी स्वतः काढलेला नकाशा होता: जुन्नर शहर, बागा, मोठी झाडं, बसायचे पार, आणि पश्चिमेला शिवनेरी. कोपऱ्यात उत्तरेचा बाण. छापखान्यातल्या पोरापासून मंत्रालयापर्यंत कुणालाही दाखवावा असा नकाशा.

प्रकाशन बागेतच झालं. पाहुण्यांनी भाषणात पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो असं सांगितलं. आप्पांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी शेजारची चौथीतली मुलगी अंक घेऊन त्यांच्याकडे आली. "आजोबा, यात सूर्य शिवनेरीच्या मागून उगवतो." आप्पांनी चष्मा लावला. छापखान्यात पान लावणाऱ्या पोराला बाण वर टोक करून चांगला दिसेना, म्हणून त्याने तो खाली टोक करून फिरवला होता. बाणाप्रमाणे बघितलं तर शिवनेरी पूर्वेला होती. जन्मभर ज्याने दुसऱ्यांच्या हद्दी दाखवल्या, त्याने अख्खा किल्ला गावाच्या पलीकडे नेऊन ठेवला होता.

मी म्हटलं, छापखान्याची चूक आहे, पुढच्या अंकात शुद्धिपत्र देऊ. आप्पांनी मला शेवटचं प्रूफ दाखवलं. बाण खाली टोक करूनच होता आणि त्याखाली त्यांची सही.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा घरोघर निघाले. हातात तांबडं पेन, खिशात यादी. ५०० प्रती. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. दार उघडलं की म्हणत, "अंक आणा," आणि मधलं जोडपान काढून बाण खोडून नवा काढत, शेजारी सही आणि तारीख. काही घरांत अंक वाचलाच गेला नव्हता, त्यांनाही काढला. एका घरी अंकाच्या पानात चिवडा बांधून दिला होता, तर तो ज्या घरी गेला तिथपर्यंत गेले. जुन्नर संपलं, मग एसटीने नारायणगाव, मंचर, घोडेगाव. आहुप्याला तर गेलेच. आजींनी अंक देवघरात ठेवला होता, तो मागितल्यावर त्या रागावल्या.

सव्वादोन महिने लागले. त्यानंतर एकदा बाकावर बसलो असताना त्यांनी सहज सांगितलं की तपासणीत साखर बरीच खाली आली आहे, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. मी उडीच मारली. पुढच्या अंकाचा लेख समोर उभा होता. माणूस, चालणं, गल्ल्या, झाडं, साखर. मथळाही सुचला. त्याच रात्री लिहून काढला आणि सकाळी त्यांच्या हातात दिला.

त्यांनी शेवटपर्यंत वाचला. मग खिशातून तेच तांबडं पेन काढलं.

"रोगी किती?"

"एक," मी म्हणालो.

"आणि त्या सव्वादोन महिन्यांत त्याने चहातली साखर सोडली होती, ते कुठे लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलंत कुठे?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" असं म्हणून त्यांनी पहिल्या ओळीपासून रेघ मारायला सुरुवात केली, टेप धरावा तशी, अगदी सरळ.